घरच्या अंगणातले नेव्हल संत्रे: लागवड आणि चवीची पारख

कॅलिफोर्नियातील मराठी घरांत अंगणातल्या नेव्हल संत्र्याविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे "नागपूरच्या संत्र्याची सर याला नाही." तक्रार खरी असली तरी तुलनाच चुकीची आहे. नागपुरी संत्रे हे मँडरिन वर्गातले, सैल सालीचे फळ आहे. नेव्हल हे मोसंबीच्या कुळातले, घट्ट सालीचे गोड संत्रे आहे. त्याला जोखायचे तर मोसंबीच्या किंवा व्हॅलेन्सिया या दुसऱ्या गोड संत्र्याच्या शेजारी ठेवून जोखावे. सॅन होजेतील आमच्या मागच्या अंगणात वॉशिंग्टन नेव्हल आणि कारा कारा अशी दोन झाडे आहेत आणि दर हिवाळ्यात त्यांच्या फळांची चव आम्ही वहीत नोंदवतो. त्या नोंदींवरून माझे एक मत पक्के झाले आहे: चवीतला फरक जितका जातीच्या नावामुळे पडतो, त्याहून अधिक तो फळ झाडाच्या कोणत्या बाजूला होते आणि ते केव्हा तोडले यामुळे पडतो. म्हणून लागवड आणि चवीची पारख या दोन गोष्टी येथे एकत्रच सांगितल्या आहेत.

या फळाच्या तळाशी बेंबीसारखा जो खळगा दिसतो, त्याच्या आत एक दुसरे चिमुकले फळ असते. साल सोलताना टोकाशी निघणाऱ्या बारक्या, वाकड्यातिकड्या फोडी या त्या जुळ्या फळाच्याच असतात. या जातीच्या फुलांत कामाचे परागकण तयार होत नाहीत, फळात बिया जवळजवळ नसतातच, आणि त्यामुळे तिची वाढ केवळ कलमाने होते. ब्राझीलमधील बाहिया प्रांतातून ही कलमे 1870 साली वॉशिंग्टनला अमेरिकी कृषी खात्याच्या विल्यम साँडर्स यांच्याकडे आली, आणि तेथून 1873 साली एलायझा टिबेट्स यांच्याकडे रिव्हरसाइडला पोहोचली. जातीच्या नावातील 'वॉशिंग्टन' ते हेच. त्या मूळ झाडांपैकी एक रिव्हरसाइडमध्ये मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या रस्त्यांच्या चौकात आजही उभे आहे. कीड पोहोचू नये म्हणून आता त्याच्यावर जाळीचे आच्छादन आहे. आपल्या अंगणातले वॉशिंग्टन नेव्हल हे डोळ्यामागून डोळा (कलमासाठी घेतलेली फांदीवरची कळी) बांधत आलेले त्याच वंशाचे झाड असते.

रोप निवडताना

रोप विकत घेताना बहुतेक जण फक्त जातीचे नाव वाचतात. त्याखाली लिहिलेले खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेले असते त्याचे, नावही तितक्याच लक्षपूर्वक वाचावे. ट्रायफोलिएट किंवा कॅरिझोसारख्या खुंटावरच्या फळात साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर उतरतात. उलट जंभेरीच्या खुंटावर झाड झपाट्याने वाढते, फळे मोठी येतात, पण रस काहीसा पाणचट लागतो. जागा कमी असेल किंवा झाड कुंडीत लावायचे असेल तर 'फ्लाइंग ड्रॅगन' या बुटक्या खुंटावरचे रोप घ्यावे. ते माणसाच्या उंचीहून फारसे वर जात नाही आणि शिडीशिवाय तोडणी होते. मात्र त्याची वाढ अतिशय मंद असते आणि तेवढा धीर धरण्याची तयारी हवी.

जातींविषयी थोडक्यात सांगायचे तर, एकच झाड लावायचे असल्यास वॉशिंग्टन नेव्हल लावावे. दुसऱ्याला जागा असल्यास कारा कारा घ्यावे. व्हेनेझुएलातील कारा कारा नावाच्या मळ्यात 1976 साली वॉशिंग्टन नेव्हलच्या झाडावर आपोआप झालेल्या बदलातून आढळलेला हा प्रकार असून त्याचा गर गुलाबी असतो. हा रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोला लाल करणाऱ्या द्रव्याचा आहे. लाल रसाच्या 'ब्लड ऑरेंज'चा रंग वेगळ्या द्रव्यामुळे येतो, आणि विक्रेतेही या दोहोंत गल्लत करताना आढळतात. हंगाम लांबवायचा असेल तर ऑस्ट्रेलियातून आलेले 'लेन लेट' लावावे; वॉशिंग्टन नेव्हल संपत आल्यावर ते चवीला येते.

एका बाबतीत मात्र हयगय करू नये. परिचितांच्या झाडाची फांदी आणून घरी कलम बांधणे, किंवा भारतातून काडी आणणे, हे बेकायदेशीर तर आहेच, पण घातकही आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील ग्रीनिंग हा रोग सिल्ला नावाच्या किडीमार्फत आणि रोगट डोळ्यांमार्फत पसरतो, त्यावर उपाय नाही, आणि कॅलिफोर्नियात तो 2012 साली लॉस एंजेलिस काउंटीत पहिल्यांदा सापडला. आपल्या घरांचा यात एक खास संबंध आहे, तो कढीपत्त्याचा. कढीपत्ता हे सिल्लाचे आवडते झाड आहे. त्याला स्वतःला हा रोग होत नाही, परंतु कीड त्याच्यावर सुखाने वाढते आणि शेजारच्या संत्र्यावर जाते. त्यामुळे कढीपत्त्याची कुंडी संत्र्यापासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवावी, दोन्हींची कोवळी पालवी वरचेवर तपासावी, आणि गावाहून येताना सामानात ताजा कढीपत्ता आणण्याचा मोह टाळावा. पालवीवर शेपूट वर करून तिरकी बसलेली बारीक तपकिरी कीड किंवा मेणासारखे पांढरे धागे दिसल्यास काउंटीच्या कृषी आयुक्त कार्यालयाला कळवावे.

लावणी आणि पहिली तीन वर्षे

कडाक्याची थंडी संपल्यावर, मार्च ते मे या काळात लावणी करावी. जागा दिवसभर उन्हाची असावी. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत जवळ असल्यास ती रात्री ऊब देते, मात्र झाड भिंतीपासून किमान अडीच मीटर दूर हवे. खड्डा रोपाच्या मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल आणि त्याच्या दुप्पट रुंद खणावा. त्यात पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच साचलेले असेल तर तेथे झाड लावू नये, किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. गड्डा जमिनीच्या पातळीहून दोन-तीन सेंटिमीटर वरच राहील असे पाहावे, कारण तो पुढे खाली बसतो. कलमाचा सांधा कोणत्याही परिस्थितीत मातीखाली जाता कामा नये. खड्ड्यात शेणखत किंवा कंपोस्ट घालण्याची आपल्याकडची सवय येथे सोडावी. निघालेलीच माती परत भरावी आणि कंपोस्ट वरून पसरावे, तेही खोडापासून वीतभर दूर.

आळे करताना विदर्भातील बागायतदार वापरतात ते दुहेरी आळे उत्तम. खोडाभोवती एक लहान कोरडा वर्तुळाकार बांध आणि त्याच्याबाहेर पाण्याचे आळे, अशी ही रचना असते. यामुळे खोडाला पाणी लागत नाही आणि डिंक्या रोगाचा धोका बराच कमी होतो. कोवळ्या खोडाची साल उन्हाने भाजते. त्यासाठी पांढऱ्या लॅटेक्स रंगात तितकेच पाणी मिसळून खोडाला हात द्यावा.

पहिल्या रोपाच्या बाबतीत माझी जी फसगत झाली ती सांगणे आवश्यक आहे. लावल्यानंतर दुसऱ्या वर्षी खोडाच्या तळातून एक जोमदार फांदी निघाली, सहा महिन्यांत ती मूळ झाडापेक्षा उंच झाली, आणि झाड मानवले म्हणून मी तिला आणखी खत दिले. शेजारच्या गृहस्थांनी एकदा ते पान हातात घेऊन दाखवले. नेव्हलचे पान एकेरी असते आणि त्या फांदीच्या प्रत्येक देठावर बेलासारखी तीन पाने होती, शिवाय बोटभर लांब काटे. ती खुंटाची फांदी होती, आणि मी दीड वर्ष संत्र्याऐवजी ट्रायफोलिएट वाढवत होतो. कलमाच्या सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच हाताने मोडून काढावा. कात्रीने कापल्यास तो बहुधा पुन्हा फुटतो.

पहिली दोन वर्षे लागलेली फळे वाटाण्याएवढी असतानाच काढून टाकावीत. मन धजावत नाही हे खरे, पण तेवढे बळ मुळांना आणि फांद्यांना मिळू द्यावे. छाटणी जवळजवळ करूच नये. वाळलेल्या काड्या, सरळ वर धावणारे पाणसोट आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या एवढे काढले की पुरे.

पाणी, ताण आणि खत

नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा पाणी लागते. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांनी, पण खोलवर जाईल असे द्यावे. वेळापत्रकापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. आळ्यातली माती दहा सेंटिमीटर खोल उकरून मुठीत दाबावी. तिचा गोळा होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. पाण्यातील अनियमितपणा नेव्हलला फार बाधतो. ऑगस्टमध्ये झाड कोरडे ठेवून सप्टेंबरात एकदम भरपूर पाणी दिल्यास आतला गर फुगतो, साल त्या वेगाने ताणली जात नाही, आणि फळ नेमके बेंबीपाशी, म्हणजे जेथे साल मुळात कच्ची असते तेथे, उभे तडकते.

माझे सासरे वरूडचे. पहिल्या डिसेंबरात ते आमच्याकडे आले तेव्हा झाड पाहून त्यांनी लगेच विचारले, "जावईबापू, ताण केव्हा देणार?" विदर्भात आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात आणि तेथे ते योग्यच आहे. कॅलिफोर्नियात मात्र हे काम थंडी करते. हिवाळ्यातल्या गार दिवसांनीच झाडाला पुरेशी विश्रांती मिळते आणि मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात. येथे मुद्दाम ताण दिल्यास झाडावरच्या तयार फळांचा रस मात्र आटतो. मे ते जुलै या काळात गोटीएवढी फळे मोठ्या संख्येने गळतात, ते पाहून घाबरू नये. झाड फुलांचा भरपूर पसारा मांडते आणि त्यातील अगदी थोडीच फळे पोसते.

खतामध्ये नत्र हाच मुख्य घटक. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला सुमारे 450 ग्रॅम शुद्ध नत्र पुरते, म्हणजे युरियाच्या हिशेबात साधारण एक किलो; ते फेब्रुवारी ते जून या काळात तीन हप्त्यांत विभागून द्यावे. लहान झाडाला वयाप्रमाणे त्याचा अंश द्यावा. उन्हाळा सरल्यावर नत्र देत राहिल्यास साल जाड होते आणि रंग उशिरा येतो, आणि हा दोष पुढे चवीच्या परीक्षेत उघडा पडतो. नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह, जस्त किंवा मँगेनीज कमी पडत आहे असे समजावे. नागअळीने केलेल्या नागमोडी रेघा कोवळ्या पानांवर हमखास दिसतात. मोठ्या झाडाला त्यांचा उपद्रव नगण्य असतो, तेव्हा फवारणीच्या भानगडीत पडू नये. मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण त्या मावा, खवले कीड आणि सिल्लाची पिले यांना मित्रकिडींपासून राखतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावल्यास मुंग्यांची वाट बंद होते.

तापमान उणे 2 अंश सेल्सियसच्या खाली काही तास राहिले तर झाडावरची फळे आतून गोठतात आणि नंतर फोडी कोरड्या पडतात. तशा रात्रीची सूचना मिळाल्यास आदल्या दिवशी माती ओली करून ठेवावी आणि झाड जमिनीपर्यंत कापडाने झाकावे. प्लास्टिक वापरू नये.

महाराष्ट्रातून काही जण या जातीविषयी विचारतात. हे झाड कोरडा उन्हाळा आणि गार हिवाळा यांच्या हवेत रमणारे आहे. कोकणात किंवा गोव्यात त्याला फळे कमी धरतात, साल हिरवट राहते आणि आंबटपणा उडून गेल्यामुळे रस मिळमिळीत लागतो. तेथे मोसंबी किंवा कागदी लिंबू लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

फळ केव्हा तोडावे

संत्रे झाडावरून तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत घालता येतो, केळी घरात पिकतात, संत्र्याला ती सोय नाही. तोडल्या क्षणी त्यात जितकी साखर असते तितकीच शेवटपर्यंत राहते. सालीच्या रंगावरूनही काही ठरवता येत नाही, कारण रंग गार रात्रींमुळे येतो आणि आतला आंबटपणा आपल्या गतीने उतरत असतो. आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळे चित्रातल्यासारखी नारिंगी दिसतात आणि चावा घेतल्यावर दात आंबतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे चाखत राहणे. डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी झाडाच्या त्याच बाजूचे, त्याच उंचीवरचे एक फळ कात्रीने देठ आखूड कापून तोडावे, खावे, आणि तारखेसह नोंद करावी. ओढून तोडल्यास देठापाशी साल फाटते आणि फळ लवकर सडते. नेव्हल तयार झाल्यावरही दोन-तीन महिने झाडावर चांगले टिकते. झाड हेच त्याचे उत्तम कोठार. अतिपक्व झाल्यावर साल सैल व फुगीर होते, आंबटपणा संपतो आणि गोडी असूनही फळ पाणचट वाटते.

चवीची पारख

तुलना करायची असेल तर प्रथम फळे तुलनेला योग्य हवीत. दोन्ही झाडांच्या दक्षिणेकडील, बाहेरच्या, खांद्याएवढ्या उंचीच्या फांद्यांवरची, सारख्या आकाराची फळे एकाच दिवशी तोडावीत. झाडाच्या आतल्या सावलीतले फळ बाहेरच्या फळापेक्षा फिके लागते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. एका जानेवारीत आमच्याच वॉशिंग्टन नेव्हलच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या फळांत जेवढा फरक आढळला, तेवढा वॉशिंग्टन नेव्हल आणि कारा कारा यांच्यातही आढळला नाही.

फळे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. फ्रिजमधल्या फळाचा सुगंध निम्माही कळत नाही. त्यानंतर कापण्याची पद्धत महत्त्वाची. संत्र्याच्या बेंबीकडचा भाग देठाकडच्या भागापेक्षा गोड असतो. आडव्या चकत्या केल्या तर एकाला गोड टोक मिळते आणि दुसऱ्याला फिके, आणि मग दोघे एकाच फळावरून वाद घालतात. म्हणून फळ देठापासून बेंबीपर्यंत उभे चिरावे, म्हणजे प्रत्येक फोडीत दोन्ही टोके येतील. स्वतः ताडून पाहायचे असेल तर एकच फोड दोन्ही टोकांकडून क्रमाने चाखावी. फरक पहिल्या घासातच कळतो.

कारा काराचा गुलाबी रंग दिसला की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. तेव्हा चाखणाऱ्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने फोड हातात द्यावी. याहून कसोशीची रीत म्हणजे तीन वाट्यांची. दोन वाट्यांत एकाच झाडाच्या फोडी आणि तिसरीत दुसऱ्या झाडाच्या ठेवून, वेगळी कोणती एवढेच विचारावे. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर सांगतो, म्हणून सहापैकी दोघांनी ओळखले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सहापैकी पाच जणांनी ओळखले तर फरक खरा मानावा. प्रत्येक घासानंतर कोमट पाण्याने चूळ भरावी आणि एका बैठकीत चारांहून अधिक नमुने घेऊ नयेत. सासूबाईंनी डोळे मिटून पहिली फोड खाल्ली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही तर आपली मोसंबीच आहे, फक्त आंबट." कुळ त्यांनी अचूक ओळखले होते.

नोंद करताना 'छान' किंवा 'बरे' असे शेरे निरुपयोगी ठरतात. गोडी, आंबटपणा, सुगंध, रस, फोडीच्या पापुद्र्याचा चोथा आणि गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणा या गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. हातात धरण्याचा रिफ्रॅक्टोमीटर स्वस्तात मिळतो. त्याच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकले की ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, प्रमाणाचा आकडा दिसतो. चांगल्या नेव्हलचा आकडा बहुधा 10 ते 13 च्या दरम्यान असतो. आधी शुद्ध पाण्याने तो शून्यावर आणावा आणि फळाच्या एका टोकाचा रस न घेता अर्ध्या उभ्या फळाचा रस एकत्र करून घ्यावा. हा आकडा म्हणजे गोडी नव्हे, हे मात्र विसरू नये. साखरेइतकेच महत्त्व साखर आणि आंबटपणा यांच्या प्रमाणाला आहे. कारा काराचा ब्रिक्स वॉशिंग्टन नेव्हलइतकाच असूनही ते अधिक गोड लागते, कारण त्यात आंबटपणा कमी असतो. माझ्या जिभेला मात्र वॉशिंग्टन नेव्हलचीच चव अधिक भरीव वाटते, आणि घरात या मताला बहुमत नाही.

रसाचा एक प्रयोग अवश्य करून पाहावा. नेव्हलचा पेलाभर रस काढून लगेच एक घोट घ्यावा आणि उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. चार-सहा तासांनी तोच रस कडवट लागतो. फळ पिळताना पेशी फुटतात, त्यांतील एक बेचव द्रव्य रसातल्या आम्लाच्या संपर्कात येते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन बनते. हा कडूपणा त्याचाच. व्हॅलेन्सियाच्या रसात तो फारसा जाणवत नाही, आणि रसासाठी मुख्यतः व्हॅलेन्सिया व खाण्यासाठी नेव्हल अशी बाजारातील वाटणी याच कारणाने झालेली आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या फळांत हा कडूपणा अधिक असतो. पाहुण्यांसाठी सकाळीच रस काढून ठेवण्याची चूक आम्ही एकदा केली आहे. पेले जवळजवळ भरलेलेच परत आले.

गेल्या हंगामात आमच्या वहीत सर्वांत वरचा शेरा फेब्रुवारीच्या अखेरीस तोडलेल्या फळाला मिळाला, आणि तोवर झाडाच्या दक्षिणेकडे केवळ चार फळे उरली होती. यंदा त्या बाजूच्या बारा फळांना सुतळीचे तुकडे बांधून ठेवले आहेत. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, असे ठरले आहे.